हर्षदाचं ‘येते’

प्रिय रंजू,

ताईचे आशीर्वाद. मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर मला रडू येईल, म्हणून हे लिहून मोबाइलवर पाठवते.

एका सत्रासाठी भारतातून नि इतर देशांतून इथल्या विद्यापीठात आलेल्या मुलांना सांभाळणं हे माझं काम. त्यातली आपल्या जामसरची हर्षदा कालपासून बेपत्ता आहे. नापास झाल्याचं कळल्यावर तिनं ऑफिसला इंग्रजीत निरोप धाडला, ‘मॅडम, आय ॲम कमिंग.’ “येतेय ना, मग काळजी कसली?” म्हणत सगळे दिवसभर वाट बघत बसले. मी आज रजेवरून आले, निरोप वाचला आणि लगेच पोलिसांना फोन केला. अगं, आपण निघताना ‘येते’च म्हणतो. ती जात होती!

पोलीस नदीकाठी शोधताहेत. तिचा फोन वाजतो, पण ती उचलत नाही.

रंजू, जव्हारच्या स्टँडवरून मिळेल ती जीप धर आणि जामसरला जा. तिच्या आईला धीर दे. आईचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, मी तो हर्षदाच्या फोनवर टाकते. रागावू नका म्हणावं. आपण निघालो की आपली आई दारात उभी राहून म्हणायची, तसं नुसतं ‘ये गं बाई’ म्हणा. पोरीला कुणी ‘ये’ म्हटलंच नाही.

तुझीच,
ताई