उपटलेले बांबू

मंगळवार, संध्याकाळ. वरसे.

डोकं अजून तापलेलंच आहे. पोरींच्या फुटबॉलच्या गोलपोस्टसाठी पेणहून आणलेले बांबू क्रिकेटवाल्यांनी उपटून फेकले. वर त्यांचा म्होरक्या मलाच म्हणतो, "ताई, मैदान क्रिकेटचं हाय. पोरींना अभ्यासाला बसवा."

अभ्यासाला! धडा वाचल्याशिवाय मी कुणाला चेंडूला पाय लावू देते का?

मी बांबू गोळा करायला लागले, तर दहावीतली सुजाता म्हणाली, "ऱ्हाऊ दे ताई. आमीच खांब."

ती आणि तिच्याच वर्गातली पिंकी बांबूंच्या जागी पुस्तकं उघडून उभ्या राहिल्या. बाकीच्या खेळत होत्या, या दोघी मोठ्यानं वाचत होत्या. एक चेंडू सुजाताच्या खांद्यावर आदळला. तिनं फक्त बोटानं ओळ धरून ठेवली.

उद्याही असंच खेळणार. आता हे खांब उपटून दाखवा म्हणावं.