शेवटच्या जागेवरची राणी

तीर्थरूप अक्कास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकलो खरा, पण पुन्हा सरळ व्हायला टेबलाचा आधार लागला, तेव्हा हा एकच नमस्कार चार-पाच समजून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात उजवा शहाण्यासारखा वागत होता आणि डावा रुसला होता. एव्हाना दोघांचं पटलं असेल. भाऊजींना ऐकू कमी येतं याचा फार घोर लावून घेऊ नकोस. इतक्या वर्षांच्या संसारानंतर ती सोयच असते, असं तुझी भावजय म्हणते, आणि म्हणताना माझ्याकडे बघते.

इकडचं सांगायचं म्हणजे मी सध्या राजेराण्यांमध्ये वावरतो आहे. घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. तुला ठाऊकच आहे, दोन वर्षांपूर्वी मी चष्म्याच्या दुकानाच्या पाटीवर 'आणि कन्या' असं झोकात रंगवून घेतलं, आणि कन्येला विचारायचं तेवढं राहून गेलं. तिनं रस्त्यात उभं राहून पाटी वाचली, अक्षर छान आलंय म्हणाली, आणि महिन्याभरात लांबच्या शहरात नोकरी धरली. तीही कुठं, तर कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत. तेव्हापासून आमचं फोनवरचं संभाषण तीन वाक्यांचं. जेवलात का, जेवलो, आईला देतो. (तिसरं वाक्य मीच घाईनं म्हणायचो, कारण त्यापुढं काय बोलायचं ते सुचत नसे.)

तर गेल्या महिन्यात तिचा फोन आला, आणि आईला देऊ का विचारलं तर नको म्हणाली, तुमच्याशीच काम आहे. मी स्टुलावर बसलोच. तिच्या कंपनीचा नवा खेळ इतिहासाचा आहे. आपण एक संस्कृती निवडायची, तिचा एक पुढारी निवडायचा, मग गावं वसवायची, रस्ते बांधायचे, शेजाऱ्यांशी व्यापार नाहीतर मारामारी करायची, आणि दगडाच्या कुऱ्हाडीपासून रॉकेटपर्यंत पोचायचं. कोणत्या संस्कृती घ्यायच्या आणि त्यांच्या पुढं कोणाला उभं करायचं, हे ठरवणाऱ्यांत आपली कार्टी आहे. अकरा जागा भरल्या होत्या. बारावी एका कल्पित संस्कृतीसाठी राखलेली, आणि तिच्यावर दोघांचा दावा. मोठ्या साहेबांना हवा होता घोड्यावरचा एक जगजेता. हिला हवी होती दलदलीत राहणाऱ्या बोरूच्या होड्यांवाल्या लोकांची एक वयस्क राणी, जिनं आयुष्यात एकही लढाई जिंकलेली नाही. पंधरा दिवसांनी बैठक होती आणि हिच्या बाजूनं कोणी नव्हतं. म्हणाली, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हणूनच विचारते. दोघांकडे बघा आणि कोण हवं ते सांगा." अक्का, तिनं मला काही विचारलं ते बहुतेक सातवीतल्या भूमितीनंतर पहिल्यांदाच.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. मागच्या खोलीत, काचा घासायच्या चाकाशेजारी, मी तिनं पाठवलेला तो खेळ उघडून बसलो. डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवली (ते टेकायलाच केलेलं आहे), आणि समोर ती तेरा माणसं उभी (अकरा ठरलेली, दोन दावेदार). ती नुसती उभी नसतात. संथ श्वास घेतात. कोणाच्या मागं समुद्र हलतो, कोणाच्या मागं वाळू उडते. आपण निवडत नाही तोवर जगात काहीच घडत नाही. एकही गाव वसलेलं नाही, म्हणून एकही जळलेलं नाही. राणीच्या मागं बोरूचं बन होतं आणि त्यातून पांढरे पक्षी उठायचे, एक गोल घ्यायचे, पुन्हा तिथंच उतरायचे. त्यांच्याबरोबर मीही किती वेळा उठलो आणि उतरलो ते सांगता येणार नाही. पाणी कुठं लागत नव्हतं, होडी आपोआप पुढं जात होती, आणि चार वाजता गिऱ्हाइकानं कडी वाजवली की मी ओल्या पायांनी आल्यासारखा दार उघडायचो. जन्मभर लोकांना विचारत आलो, ही काच बरी की ती? 'दोन्ही सारख्याच' म्हणणाऱ्याचा मनातून रागही केला. आणि माझं मात्र बोट काही उचलेना. आठवड्यानं कन्येचा निरोप आला, की तुमचं मशीन अडकलंय का, एकोणीस तास झाले आणि खेळ एकदाही सुरू झालेला दिसत नाही. मशीन ठीक होतं. मीच अडकलो होतो.

पण एकोणीस तास बघितल्यावर काहीतरी दिसतंच. राणीच्या हातात एक लिहिलेलं पान आहे. ती ते हात लांबवून धरते आणि मान जरा मागं घेते. अगं, हे तर माझं रोजचं गिऱ्हाईक! मी दुकानाची चिठ्ठी घेतली आणि लिहिलं: राणीला चाळिशी लागली आहे. लांबचं उत्तम, जवळचं धूसर. अंदाजे नंबर अधिक दोन. घोडेस्वाराचे डोळे ठणठणीत आहेत, म्हणून त्याच्याविषयी मला काही वाटत नाही. चिठ्ठीचा फोटो काढून पाठवला. चार दिवस उत्तर नाही. मला वाटलं, झालं, पुन्हा शेण खाल्लं.

रविवारी सकाळी फोन आला. तिनं ती चिठ्ठी बैठकीत वाचून दाखवली होती. सगळे हसले. मग मोठ्या साहेबांनी ती मागून घेतली, हात लांब करून वाचली, आणि नंतर घोड्याविषयी कोणी बोललं नाही. राणी आत आली. मी खेळ उघडून बघितला तर तिच्या नावाखाली स्वभाव लिहिलेला: 'हिला क्षितिजापलीकडचं सगळ्यांच्या आधी दिसतं, घरातलं उशिरा दिसतं.' मी दोनदा वाचलं. मग विचारलं, हे कोणावरून सुचलं. ती म्हणाली, "बाबा, चाळिशी काही गुन्हा नाही. सगळ्यांनाच लागते."

मग मी विचारलं, तुला तिथं बरं वाटतं का. इतका साधा प्रश्न, पण दोन वर्षांत विचारला नव्हता. ती बोलत राहिली. खोली, खिडकी, सोबत काम करणारी मंडळी, चुकलेली चित्रं, पहिल्या महिन्यातलं रडू. तुझी भावजय सवयीनं हात पुढं करून फोनसाठी उभी होती. दहा मिनिटांनी तिनं हात खाली घेतला, विसाव्या मिनिटाला माझ्याशेजारी येऊन बसली, आणि आमचं बोलणं संपेपर्यंत नुसती ऐकत राहिली.

असो. भाऊजींना नमस्कार (मोठ्यानं सांग). डाव्या गुडघ्यालाही.

तुझा,
ढब्बू

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. राणीला कुठंतरी बघितलंय असं मला सारखं वाटत होतं, ते उगाच नव्हतं. दुकानात तू सोनेरी फ्रेम घालून बघितलीस त्या दिवशीच्या फोटोवरून कन्येनं तिचं तोंड काढून घेतलं आहे. नाक, कपाळ आणि नापसंतीची भुवई, तिन्ही तुझी. यासाठी कंपनीला तुझी लेखी परवानगी लागते. कागद सोबत जोडला आहे.

ता. क. दुसरा: कागदावर तुझी सही आधीच आहे, ती बघून दचकू नकोस. मुदत काल संपत होती, म्हणून मूळ कागद कंपनीला गेला, ही त्याची नक्कल. तू माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचीस, तेव्हा आपल्या घरात ही कला चालत आलेली आहे. कंपनीतून फोन आला तर 'सही माझीच' असं सांग. आणि एक, खेळात ही राणी शेजाऱ्याचे तीन अपराध पोटात घालते, चौथ्याला फौज पाठवते. मी मोजून बघितलं: उशिरा कळवलं, सही ठोकली, आता खोटं बोलायला सांगतो, म्हणजे माझा हा तिसराच आहे. (सोनेरी फ्रेमवर बसलो होतो, तो मी धरलेला नाही.)