बळीरामचा कोरडा क्लच

५ जानेवारी, सोमवार

बळीराम येडा झालाय! गॅरेजचं शटर वर करतोय तोच दारात टेम्पो. मागे दोरीने बांधलेली त्याची एकोणसत्तरची बुलेट आणि पुढे ड्रायव्हरच्या बाजूला स्वतः शेठ, मांडीवर खोका. बेलपाड्यापासून पनवेलपर्यंत तो खोका खाली ठेवला नाही म्हणे.

खोक्यात काय? तर थेट इंग्लंडहून मागवलेला कोरडा क्लच! दातेरी पट्टा, दोन पुल्या, प्लेटा, सगळं कागदात गुंडाळलेलं. "बसव," म्हणाला. जसं काही पंक्चर काढायचंय.

त्याचं असं झालंय. दीड वर्षापूर्वी मोरीजवळ पाय घसरला आणि डावं मनगट गेलं. आत स्टीलची पट्टी, सहा स्क्रू. त्या हाताने भाकरी मोडतो, पत्ते पिसतो, माझ्या पाठीत गुद्दापण घालतो. पण बुलेटचा क्लच दाबायला पैलवान लागतो, तो काही दबत नाही. वय चौऱ्याहत्तर. गाडी दीड वर्ष पडवीत उभी.

आता नातीचं लग्न ठरलंय, अंकिताचं. त्यांच्याकडे पहिलं आवतण गावदेवीला, आणि दुसरं बळीरामच्या थोरल्या बहिणीला, रंभाबाईला, जासईला. तीन पोरांच्या लग्नाची आवतणं यानेच नेली, याच बुलेटवरून. हेही तसंच न्यायचंय. तारीख ठरलेली, १ फेब्रुवारी, रविवार.

"अरे, हरेशच्या गाडीतून जा की. एसी आहे," मी म्हणालो. हरेश म्हणजे त्याचा थोरला, अंकिताचा बाप.

"आवतान काय पार्सल हाय?"

खोका आत नेऊन ठेवला.

७ जानेवारी

दोन दिवस खोक्याला हात लावला नाही. खरं सांगतो, भीती वाटली. पंचेचाळीस वर्षं मी या गाडीच्या डाव्या डब्यात तेल ओततोय. चेन तेलात, क्लच तेलात, टोपण काढायचं आणि पेलाभर ओतायचं. आता हा खोक्यातला सूचनांचा कागद म्हणतो, तेलाचा थेंब नको. चेनच्या जागी पट्टा, आणि क्लच हाडासारखा कोरडा. हे काय इंजिन की माझ्या बायकोने, नशराने, पथ्यासाठी केलेलं बिनतेलाचं सालन!

नशराला वाचून दाखवलं. बायकोने कांदा चिरता चिरता निकाल दिला. "बरोबर तर आहे. साबणाच्या हाताने पातेलं धरायला जोर लागतो, कोरड्या हाताने लागतो का? प्लेटा कोरड्या, म्हणजे पकड चांगली. म्हणजे स्प्रिंगा नरम चालतील. म्हणजे हातावर जोर नाही."

पंचेचाळीस वर्षं गॅरेज मी चालवतोय की ही?

१२ जानेवारी

डबा खोलला. चेन काढली, जुना क्लच काढला. तेल एवढं सांडलं की फरशीवर पाय ठरेना. घरून आणलेल्या जुन्या दुपट्ट्याने पुसलं.

१३ जानेवारी

दुपट्टा जुना नव्हता.

१७ जानेवारी, शनिवार

बळीराम रोज येऊन स्टुलावर बसतो. काम कमी, भाषण जास्त. इंजिनाकडून तेल येऊ नये म्हणून मी मागे नवीन ऑइल सील ठोकत होतो, आणि हा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून समजावत होता. "तेलाचा एक थेंब गेला ना, का खलास!" चहावाला, टायरवाला, पोस्टमन, सगळ्यांना पाठ झालंय. घरी तर म्हणे जेवताना ताटात भाकरीच्या प्लेटा मांडून दाखवतो.

संध्याकाळी हरेश आला. बापाची पाठ वळल्यावर. चांगला पोरगा, पण बिल्डर झाल्यापासून घड्याळ बघत बोलतो.

"काका, एक रिक्वेस्ट. बाबांना सांगा ना, किट फिट होत नाही म्हणून."

"का?"

"आईला झोप नाही. जासईचा रोड बघितलाय ना तुम्ही? दोन्ही बाजूंनी ट्रेलर. हात सुटला तर?"

मी म्हणालो, होत नसेल तर होत नाही म्हणेन, होत असेल तर खोटं बोलणार नाही. तो गेला. मग तास दीड तास माझंच डोकं फिरलं. बरोबर बोलत होता पोरगा. तो रस्ता काय आहे ते मला माहितीये. पण बळीराम स्टुलावर बसून त्या गाडीकडे ज्या नजरेने बघतो, तेही मला माहितीये. मी काम थांबवलं नाही.

२० जानेवारी

बसला! बसला! पट्टा सरळ रेषेत, आतली गरमी जायला झाकणाला भोकं, प्लेटा कोऱ्या करकरीत. आधी मी एकटाच पळस्प्यापर्यंत गेलो. माशाल्ला, काय चालते! गिअर असा पडतो की कळतही नाही. परत येऊन गाडी उभी केली आणि बळीरामला म्हणालो, दाब.

दोन बोटं. फक्त दोन बोटांनी लिव्हर आत गेली. त्याने सोडली, परत दाबली. दहा-बारा वेळा. मला रडू आलं. इथे लिहितो, बाहेर कोणाला सांगणार नाही.

२१ जानेवारी

गाडी बेलपाड्याला पोचवली. इंजिनात नवं तेल भरून, टायरात हवा मारून, हँडल पुसून. ठमावहिनींनी, म्हणजे बळीरामच्या बायकोने, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली. "झाला का तुमचा?" एवढंच विचारलं.

२२ जानेवारी

सकाळी सातला फोन. "अब्दुल्ला, गारी नुसती बोंबलते, जागची हालं नाय!"

क्लच घसरतोय. टेम्पोतून परत आणली. डबा खोलला तर आत तेल! प्लेटा तेलाने माखलेल्या. सील गळलं, दुसरं काय. सगळं उतरवलं, प्लेटा पेट्रोलने धुतल्या, नवं सील बसवलं. कंबर मोडली.

२४ जानेवारी, शनिवार

परत पोचवली. पळस्प्याला दोन फेऱ्या मारून, खात्री करूनच. घे बाबा.

२५ जानेवारी

परत तेल.

टॉर्च मारून बघितलं. सीलची मागची बाजू ठणठणीत कोरडी. आणि तेलाचा रंग मधासारखा. इंजिनातून गळलं असतं तर निदान थोडं तरी मळकं असतं. हे तेलाच्या डब्यातून ओतलेलं ताजं तेल आहे. वरून, टोपणातून आलंय.

कोणी ओतलं? काल गाडी नेण्याआधी हातात तेलाचा डबा कोणाच्या होता? माझ्या. इंजिनात थोडं कमी होतं म्हणून घातलं, एवढं आठवतंय. त्यानंतर हात डावीकडे गेला का? पंचेचाळीस वर्षांची सवय. टोपण काढायचं, पेलाभर ओतायचं. मला आठवत नाही! कसम खुदाची, आठवत नाही.

गेल्या आठवड्यात चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधला, नशरा हसत होती. आज तिला सांगितलं तर हसली नाही.

२६ जानेवारी

दुकान बंद. दिवसभर परवाची एकेक गोष्ट आठवत बसलो.

२७ जानेवारी, मंगळवार

बेलपाड्याला जाऊन बळीरामला तोंडावर सांगितलं. "तेल मीच ओतलं असणार. दोन्ही वेळा. माझं डोकं चालत नाही आता. दुसरा कोणीतरी बघ, आणि यंदा हरेशच्या गाडीतून जा."

पडवीत सगळे होते. हरेशने मान खाली घातली. वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. बळीराम आधी बघत राहिला, मग असा हसला की कोंबड्या पळाल्या.

"तू? अरे, चाळीस-पंचेचाळीस वर्सांत माझा एक वायसर नाय हरवलास तू! चल, पुन्ना बसव. पाच दिस हायत."

"आणि परत ओतलं तर?"

"तर पुन्ना धुवू. मना काय घाई हाय?"

घाई नाही म्हणतो! हा माणूस एक दिवस माझा जीव घेणार.

२९ जानेवारी

बसवला. या वेळी तेलाचे सगळे डबे कपाटात ठेवून किल्ली नशराकडे दिली. काम करताना ती समोर खुर्ची टाकून बसली, विणकाम घेऊन. तेल ओतलं नाही, ती साक्षीदार. संध्याकाळी गाडी पोचवली.

३० जानेवारी, जुम्मा

काय लिहू! हसू की रडू!

पहाटेची फजरची नमाज झाली, चैन पडेना. स्कूटर काढली आणि कोणाला न सांगता बेलपाड्याला. म्हटलं बळीराम उठायच्या आत टोपण काढून बघावं. पडवीशी पोचलो तर ठमावहिनी. आंघोळ झालेली, केस ओले. बुलेटच्या दिव्याला हळदकुंकू, हँडलला झेंडूचं फूल. डाव्या डब्याचं टोपण जमिनीवर, आणि वहिनींच्या हातात स्टीलचा पेला. ओतणं चाललेलं. देवाच्या समईत ओततात तसं, हळूहळू.

"वहिनी!!"

पेला पडला. बळीराम लुंगी सावरत बाहेर. हरेश वरून गॅलरीत.

वहिनी म्हणाल्या, "असा काय वरडताव? तुमीच शिकवलाव ना? गारी घेतली तवा. लांब जायाचा आसंल त या टोपनात पेलाभर तेल घाला वैनी, गारी धोका देनार नाय. दर दसऱ्याला घालतंय मी. लगनाला पन घातला व्हता, तिन्ही पोरांच्या."

खरंच शिकवलं होतं! एक्याऐंशी साली, त्याने ही जुनी गाडी विकत घेतली तेव्हा, याच पडवीत. बळीराम तेव्हा गाडीकडे लक्ष देत नसे म्हणून वहिनींना सांगून ठेवलेलं. मी विसरलो, त्यांनी पूजा करून टाकली.

म्हणजे मी ओतलं नव्हतं. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे! मी पायरीवर बसलो आणि हसत सुटलो. बळीराम खोकला लागेपर्यंत हसला. हरेशसुद्धा घड्याळ न बघता हसला. वहिनी तेवढ्या चहा टाकायला आत गेल्या.

मग अंगणातच डबा खोलला. प्लेटा पेट्रोलने धुतल्या, सुपात घालून उन्हात वाळवल्या, पापडासारख्या. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला तिथल्याच मशिदीत जाऊन आलो. संध्याकाळपर्यंत बसवून टोपण कायमचं चिकटवून टाकलं. आता कोणाच्या बापाला उघडणार नाही. नशराला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "मग चष्मा कोण डोक्यावर ठेवतं?"

३१ जानेवारी

गाडी चाललीये. दहा वेळा फोन करून विचारलं. अकराव्यांदा त्याने उचलला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

गेला आणि आला!

गावदेवीला नारळ ठेवला, खिशात अक्षता आणि पत्रिका, डोक्यावर हेल्मेट, त्याखाली पांढरी टोपी. मागे मी स्कूटरवर, माझ्यामागे हरेश गाडीत. वरातच! वहिनी दारातून बघत होत्या. या म्हणाल्या नाहीत, जाऊ नका म्हणाल्या नाहीत.

तीसच्या वर गेला नाही पठ्ठ्या. कंटेनरचे ट्रेलर अंगावरून जात होते, मी स्कूटर त्याच्या मागच्या चाकाला धरूनच ठेवली. एका ठिकाणी रांग लागली. थांब, चल, थांब, चल, वीस मिनिटं. तिथेच जुना क्लच असता तर मनगट गेलं असतं. मी बाजूला जाऊन विचारलं, हात दुखतो का? तो म्हणाला, "हात हाय हे इसारलो व्हतो."

रंभाबाई ऐंशीच्या पुढच्या. बुलेटचा आवाज ऐकून काठी न घेताच बाहेर आल्या. अक्षता हातावर घेतल्या, पत्रिका उलटीच धरून बघितली आणि भावाच्या मनगटावरून हात फिरवला. "आलास ना रं," एवढंच म्हणाल्या. मग आम्हा तिघांना कोळंबी खाऊ घालून घालून मारलं.

परत आल्यावर वहिनींनी बळीरामची दृष्ट काढली. मीठ-मिरच्या चुलीत टाकल्या आणि पदराने डोळे पुसले. मिरचीने, म्हणाल्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी दुकानासमोर रिक्षा थांबली. ठमावहिनी, एकट्या. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दुकानात आल्या. पाणी दिलं ते घेतलं नाही, उभ्यानेच बोलल्या.

"भावजी, कोरडा हाय ना तेल चालत नाय, ते मना पैल्या दिसापासून म्हाईत व्हता. रोज जेवताना तेच त सांगत व्हते. तिन्ही येला मी जानून वतला. तुमी सोताला दोष देत व्हते तवा पन बोलले नाय. माफी करा. यांना सांगू नका."

मी म्हटलं, झालं गेलं, वहिनी. आता तर ते रोज जातील.

"म्हनूनशान आले. मागची सीट लावून द्या. पडलो त दोगं पडू."