हलायचं नाही

१२ नोव्हेंबर
नाही म्हणाली! तिसऱ्यांदा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनला ९ डिसेंबरची तारीख दिलीय, आणखी थांबलात तर अवघड होईल असं बजावलंय. आणि आई म्हणते, मला सगळं दिसतं. गॅलरीतून चंद्र दाखवला. कसा दिसतो? पांढरा गोळा, म्हणाली, पहिल्यापासून तसाच तर आहे. डाग? कसले डाग?

ठरवलं. दादाचा जुना कॅमेरा कपाटात धूळ खात पडलाय. चंद्राचा असा फोटो काढीन की डाग मोजून घ्यावेत. मग बघू कशी नाही म्हणते.

१३ नोव्हेंबर
वीस फोटो. वीसही पांढरे गोळे, कडेला धूर. आईनं कॅमेरा नाकाला लावून पाहिला आणि जाम खूश. "बघ, यालाही माझ्यासारखाच दिसतो. आधी याचं ऑपरेशन कर."

१५ नोव्हेंबर
जेवणाच्या सुट्टीत फोटोवाल्या काकांकडे गेले. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाले, रात्र तुमच्याकडे आहे, चंद्रावर भर दुपार आहे. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो भोवतीचा काळोख बघून घाबरतो, नको तेवढा उजेड आत घेतो. सगळं आपल्या हातानं लावा, उजेड कमी करा. ट्रायपॉड तेच देतायत. बटण दाबल्यावर दोन सेकंदांनी फोटो निघेल असं लावायचं, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. आणि पुरता चंद्र नको, अर्धा धरा. अर्ध्यावर ऊन तिरपं पडतं, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात.

"आणि ताई, हलायचं नाही. फोटो निघेपर्यंत श्वाससुद्धा जपून."

संध्याकाळचा अर्धा चंद्र मिळायला ४-५ डिसेंबर उजाडणार. हातात चारच दिवस राहतील. चालेल!

२२ नोव्हेंबर
रोज समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर सराव. फोटोत तिच्यावरची बारीक अक्षरंही वाचता येतात आता. शेजारीण विचारते, टाकीशी लग्न ठरलंय का तुझं?

४ डिसेंबर
ढग. मेले ढग.

५ डिसेंबर
आला!! सात वाजता गच्चीवर. शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागापुरतंच उघडं, ट्रायपॉड भिंतीला टेकवलेला, मी दोन पावलं मागे, श्वास रोखून. स्क्रीनवर मोठा केला आणि — खड्डे! प्लास्टरमध्ये बुडबुडे राहिले की पडतात तसे. बारा वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतेय, साच्यात असला एक खड्डा दिसला तरी साहेबांची बोलणी खाते. आज शंभर दिसले आणि गच्चीवर एकटीच नाचले.

६ डिसेंबर
काकांनी ताटाएवढा छापून दिला. आईच्या हातात ठेवला. तिनं खिडकीशी नेला. लांब धरला, जवळ धरला.

"पांढराच आलाय की गं."

मी मूर्ख. शुद्ध मूर्ख! तीन आठवडे जिवाचं रान केलं, आणि फोटोही ती त्याच डोळ्यांनी बघणार एवढं डोक्यात आलं नाही. तेवढ्यात शेजारीण डोकावली, म्हणाली, अगं बाई, केवढे हे खड्डे! आई नुसती बोटांनी कागद चाचपत राहिली.

७ डिसेंबर
सकाळी चहा पिताना आपणहून बोलली. दिसत नाही हे तिला दीड वर्ष ठाऊक आहे. चंद्राला डाग असतात हेही ठाऊक आहे, ती काय काल जन्मली? पण बाबांनाही असंच सांगितलं होतं, छोटंसं ऑपरेशन आहे म्हणून.

 त्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या दाराशी मीच होते. दहा मिनिटं म्हणून खाली चहाला गेले. वर आले तेव्हा नर्स मलाच शोधत होती. बाबा गेले होते. सहा वर्षं झाली. आई त्यावर एकदाही बोललेली नाही. मीही नाही.

"येते मी," आई म्हणाली. "पण मी आत असेपर्यंत तू दारातून हलायचं नाही."

९ डिसेंबर
नऊ वाजून दहा मिनिटांनी आईला आत नेलं. बाकावरचे गृहस्थ खाली चहाला निघालेत, मला विचारून गेले, येताय का. नको म्हटलं. दाराशी उभ्या उभ्या लिहितेय.