चौकटीचा हिरवा रंग
खर्डी, रविवार, पौष, २००४

आज दाराची चौकट खरवडली. यांनी स्वतःच्या हाताने केलेली, दरवर्षी म्हशाच्या जत्रेआधी हिरव्या ऑइलपेंटने रंगवलेली. हे गेल्यापासून तिला कुणी ब्रश लावला नाही. रंगाचे पोपडे सुटले आणि नातू ते तोंडात घालायला लागला. डॉक्टर म्हणाले, जुन्या रंगात शिसं असतं, पोराच्या बुद्धीला मार बसेल.

सासूबाई हटून बसल्या. "शिसं पेन्सिलीत असतं गो, दाराला नाय!"

"आजी, पेन्सिलीत नसतंच. नुसतं नाव शिसपेन्सिल," लेक म्हणाली आणि पोराला घेऊन शेजारी गेली.

कोरडं घासायचं नाही, जाळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून तोंडाला फडकं बांधलं, खाली प्लास्टिक अंथरलं, पाणी मारत मारत खरवडलं. नंतर जमीन ओल्या फडक्याने पुसली. इतकी वर्षं यांचा हात फिरलेला तो हिरवा रंग एका पिशवीत मावला. हे असते तर मला हात लावू दिला असता का?

आणि डाव्या बाजूला, उघड्या लाकडावर, यांचं अक्षर. पेन्सिलीने लिहिलेलं 'वर' आणि एक बाण. चौकट उलटी बसू नये म्हणून केलेली खूण. तोच लांब शेपटीचा 'र'. मी बोट फिरवत बसले.

"आता काय राह्यलं?" सासूबाईंनी विचारलं.

उद्या नवा रंग लावायचा. तेवढी जागा सोडली तर? पेन्सिलीत शिसं नसतं. लेकच म्हणाली ना.