मर्लची तीन हरणं

२३ नोव्हेंबर, रविवार
आज प्रार्थना संपल्यावर भर चर्चमध्ये उभा राहिलो आणि जाहीर करून टाकलं: यंदा नाताळला फूड बँकेला तीन हरणं माझ्याकडून! टाळ्या. (थोड्या, पण मनापासून.) गरजूंना अन्न वाटणारी ही फूड बँक चालवणाऱ्या मिसेस कीफर चष्मा काढून बराच वेळ पुसत होत्या. गहिवरल्या असणार.
काम सोपं आहे. हरीण मारायचं आणि हार्लन झूक खाटकाकडे टाकायचं. तो सोलून, खिमा करून, पाकिटं भरून थेट चर्चच्या तळघरात फूड बँकेला पोचवतो. त्याची मजुरी धर्मादाय संस्था देते. मला फक्त मारायचंय.
गाडीत आर्लीनने विचारलं, आजवर एकूण किती मारलीस रे? कौतुक राहिलं बाजूला, बायको हिशेब मागते.

२९ नोव्हेंबर, शिकारीच्या सीझनचा पहिला दिवस, पहाटे
मचाणावर. थर्मास, सँडविच, गरम मोजे. आज तिन्ही उरकून टाकावीत म्हणतो. म्हणजे उरलेले दोन आठवडे इतरांना सल्ले द्यायला मोकळा.

त्याच दिवशी, दुपारी
डोळा लागला. झोप नव्हे, एकाग्रता. उठलो तर मचाणाखाली ताज्या लेंड्या! म्हणजे जागा अचूक निवडली होती. हरणांनाही पटली.

१ डिसेंबर
नेम चुकला. वारा होता.
आमच्या शिकाऱ्यांच्या कॅम्पात रिवाज आहे. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीने कापायचा आणि भिंतीला ठोकायचा. माझा मेव्हणा ड्वेन कात्रीला धार लावूनच आला होता. मी म्हटलं, अरे, आधीपासूनच? तो म्हणतो, दाजी, तुम्ही येणार म्हटल्यावर तयारीत राहिलेलं बरं. बंदुकीपेक्षा याची कात्रीच जास्त चालते.

३ डिसेंबर
पुन्हा वारा. दुसरा शर्ट.

६ डिसेंबर
तिसरा. हा आर्लीनने वाढदिवसाला दिलेला. कपाटातले शर्ट आता पुढून सभ्य, मागून उघडे. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकाकडे पाठ करायची नाही असा निश्चय केला. जमत नाही. खिळे नेमके माझ्या मागच्या फळीवर आहेत.
संध्याकाळी मिसेस कीफर एक बल्ब न्यायला आल्या. विचारलं, काय मर्ल, कुठवर आलं? मी म्हटलं, पहिलं जवळजवळ झालंच. त्या म्हणाल्या, सावकाश होऊ दे, बाळा. केवढा विश्वास!
त्या गेल्यावर मात्र चैन पडेना. गेल्या नाताळात तळघरात वाटपाला मी होतो. मांस निम्म्या रांगेतच संपलं. एका म्हाताऱ्याच्या हातात मी नुसते घेवड्याचे डबे ठेवले. तो म्हणाला, छान, आम्हाला हेच आवडतं. साफ खोटं. यंदा तसं होऊ देणार नाही. मी आहे ना!

१० डिसेंबर, दुपारी
मिळालं!!! हरीण!!! ओढ्याकाठी, अगदी समोर, स्वतःहून उभं राहिलं बिचारं. आणि लागलं! आतडी काढली, परवान्याचा टॅग बांधला, पिकअपमध्ये चढवलं. एकट्याने! नाचलो. खरंच नाचलो, ओढ्यात पडलो, उठून पुन्हा नाचलो.
सरळ हार्लनकडे निघालो होतो. पण असं हरीण गुपचूप नेणं म्हणजे वरात मागच्या गल्लीतून काढणं. तर आधी पेट्रोल पंप. मग न्हाव्याचं दुकान. मग पोस्ट (पोस्टमास्तर जेवायला गेले होते, थांबलो). मग ड्वेनच्या दारात हॉर्न. तो कामावर. थांबलो.

संध्याकाळी
ड्वेनने पाहिलं! खानावळीत गर्दी सकाळी न्याहारीला असते. उद्या तेवढी एक फेरी, मग हार्लन. डिसेंबरात आज काय सुरेख ऊन पडलं! देवही खूश दिसतोय. दिवसभर कोट काढून फिरलो.

११ डिसेंबर
हार्लनने घेतलं नाही.
पिकअपपाशी आला, वाकला, आणि नाक धरून मागे सरला. म्हणाला, कधी मारलंस? म्हटलं, काल. मग कालपासून कुठे होतं? मी म्हटलं, गावात. म्हणाला, अख्खा दिवस उन्हात मिरवलंस? हे मी गरिबाच्या ताटात घालू? मी म्हटलं, वरवरचं कापून टाक ना. तो म्हणाला, मर्ल, घरी जा.
हवामान खात्याचा दोष आहे. डिसेंबरात कोणी इतकं ऊन पाडतं?

१३ डिसेंबर
सीझनचा शेवटचा दिवस. बसलो. काही नाही. वारासुद्धा नव्हता.

१६ डिसेंबर
मिसेस कीफर दुकानात आल्या. मी रंगाच्या डब्यांमागे बसून राहिलो. आर्लीन म्हणाली, तोंड किती दिवस लपवशील? शनिवारी वाटप आहे. जा आणि सांगून टाक त्यांना.

२० डिसेंबर, शनिवार
आर्लीनला घेऊन गेलो. मिसेस कीफरना म्हटलं, माझी तीन नाहीत. एकही नाही.
त्यांनी फ्रीझरचं झाकण उघडलं. काठोकाठ भरलेला! हार्लनच्या शिक्क्याची पाकिटं, एकावर एक. म्हणाल्या, अरे, तू त्या रविवारी उभा राहिलास ना, त्याच दुपारी मी गावभर फोन फिरवले. म्हटलं, मर्लने तीन देतो म्हटलंय, तेव्हा तीन कमी पडणार, बघा बाबांनो. एरवी मागितलं तर लोक बघू म्हणतात. तुझं नाव काढलं आणि सगळे बंदुका घेऊन पळाले. तुझ्या मेव्हण्यानेच दोन दिली.
म्हणजे पहिल्या दिवसापासून. सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझे कान तापले. धरणी दुभंगेल तर बरं असं वाटलं.
मग रांग सुरू झाली. प्रत्येकाला खिम्याची पाकिटं मीच दिली. शेवटच्या माणसापर्यंत पुरली, वर उरली. इतकं बरं वाटलं आणि इतकी लाज वाटली की कुठे बघावं कळेना.
निघताना मिसेस कीफर हळूच म्हणाल्या, पुढच्या वर्षी पाच जाहीर करशील का रे? फार उपयोग होतो.
मी म्हटलं, विचार करून सांगतो.
मागून आर्लीन म्हणाली, विचार कसला करतोस? दहा म्हण. त्या आणखी एक फ्रीझर घेतायत.