एमाचा रुमाल

सोमवार, संध्याकाळ.

कापसाच्या पहिल्या वेच्याआधी सासूबाईंनी आज वावरात सीतादही केलं, सीतामाईचा निवद म्हणून कपाशीवर दहीभात शिंपडला. जर्मनीहून आमच्या शाळेत शिकवायले आलेली एमा मागून आली. तिले वाटलं, झाडांवर रोग पडला. तिनं आपल्या रुमालानं पानं पुसून काढली! यंदा बोंडं आधीच कमी. मी धावत जाऊन तिचा हात धरला. पण सासूबाई हसल्या. म्हणे, "जेवल्यावर माईचं तोंड पुसून राह्यली पोरगी."

लग्नाच्या वर्षी माझ्या हातून हाच भात सांडला, तं चार दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.

एमाचा रुमाल मीच धुतला. दोनदा धुतला, तरी दह्याचा वास येते. ती पाहुणी म्हणून माफ? की सासूबाईच बदलल्या? बदलल्या असतील, तं मले काहून नाही सांगितलं?